वादनकौशल्य, सराव आणि प्रत्याभरण
तुळजापूरचे संबळ-तुणतुणे व विद्युत् गिटार यांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

पुष्कळ वाजविल्याने हात बसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. हात बसतो हे खरे; मात्र तो बरोबरच बसतो असे नाही. चुकीचा हातही तितक्याच निष्ठेने बसतो, आणि एकदा बसलेला चुकीचा हात सोडविण्यास नवा हात बसविण्याहून अधिक श्रम पडतात, हा प्रत्येक वाद्यशिक्षकाचा अनुभव आहे. तेव्हा सराव किती करावा, या प्रश्नाच्या आधी एक दुसरा प्रश्न उभा राहतो. सराव चालू असताना आपले चुकते आहे की बरोबर येते आहे, हे वादकास कोण सांगतो, केव्हा सांगतो आणि कोणत्या रूपाने सांगतो?

विद्युत् गिटार शिकणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हा प्रश्न आज विशेष निकडीचा झाला आहे. हे वाद्य आता मोठ्या शहरांपुरते उरलेले नाही. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावीही ते विकत घेतले जाते. शिक्षक मात्र जवळपास असतोच असे नाही. ध्वनिमुद्रणे व चित्रफिती पाहून शिकणे हाच अनेकांचा मार्ग होतो. त्याच प्रदेशात तुळजापुरासारख्या क्षेत्री मात्र गोंधळाची वादनपरंपरा शतकानुशतके पुस्तकाशिवाय, स्वरलिपीशिवाय आणि वर्गाशिवाय चालत आली आहे. एकीकडे आदर्श विपुल आणि दुरुस्ती दुर्मीळ, तर दुसरीकडे आदर्श मोजके परंतु दुरुस्ती अखंड, असे हे दोन प्रकार आहेत. त्यांची तुलना केल्यास वादनकौशल्य कसे वाढते, हे समजण्यास मदत होईल, आणि परंपरा ‘जतन करणे’ म्हणजे नेमके काय जतन करणे, या प्रश्नावरही काही प्रकाश पडेल.

२. शब्दविचार

या विषयासाठी मराठीत रूढ असलेले शब्द अर्थाच्या दृष्टीने एकरूप नाहीत. ‘सराव’ या शब्दाने केवळ पुनरावृत्तीचा बोध होतो. सराव एकट्याने करता येतो. ‘रियाज’ हा मुळात अरबी व फारसीच्या वाटेने आलेला शब्द शिस्तबद्ध मेहनतीचा अर्थ देतो आणि त्याचा उपयोग बहुतांशी संगीतापुरता आहे. ‘तालीम’ हा शब्द मात्र वेगळा आहे. अरबीत त्याचा अर्थ ‘शिकविणे’ असा असून मराठीत तो गायन-वादनाच्या शिक्षणास, नाटकाच्या पूर्वतयारीस आणि मल्लांच्या आखाड्यास असा तीन ठिकाणी रुळला आहे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. तालीम घेणाऱ्यासमोर कोणीतरी पाहणारा व ऐकणारा असतो, मग तो गुरू असो, दिग्दर्शक असो वा वस्ताद असो. सराव ‘केला’ जातो. तालीम ‘दिली’ व ‘घेतली’ जाते. क्रियापदांचा हा भेदच बोलका आहे.

‘अभ्यास’ हा शब्द अधिक जुना आहे. पाणिनीच्या व्याकरणात धातूचे द्वित्व झाले असता त्यांपैकी पहिल्या अंशास ‘अभ्यास’ ही संज्ञा दिलेली आहे. व्याकरणाच्या अभ्यासकांस हे परिचित आहे की, द्वित्वातील हा पहिला अंश मूळ धातूची हुबेहूब नक्कल क्वचितच असतो. ‘दा’ पासून ‘ददाति’ होताना अभ्यासाचा स्वर ऱ्हस्व होतो, ‘भृ’ पासून ‘बिभर्ति’ होताना व्यंजनही पालटते. पुनरुक्ती ही नियमबद्ध बदलासह होते. वादनाच्या अभ्यासालाही हे वर्णन लागू पडावे: प्रत्येक आवृत्तीत काही बदलत नसेल, तर ती पुनरुक्ती असते, अभ्यास नव्हे.

‘प्रत्याभरण’ हा शब्द यंत्रशास्त्रातून मानव्यविद्यांकडे आलेल्या संकल्पनेसाठी योजलेला आहे. यंत्राच्या निर्गमाचा काही अंश पुन्हा त्याच्या प्रवेशाकडे वळविणे हा त्याचा मूळ अर्थ होय. १९२७ साली बेल कंपनीतील अभियंता हॅरल्ड ब्लॅक याने ऋण प्रत्याभरणाच्या योगे ध्वनिवर्धकातील विकृती कमी करण्याची युक्ती शोधली, आणि नॉर्बर्ट वीनर याच्या १९४८ च्या ग्रंथाने ही कल्पना प्राणी व यंत्र या दोहोंच्या नियंत्रणास लागू केली. निर्गम व उद्दिष्ट यांतील अंतर मोजून ते कमी करणारे ते ऋण प्रत्याभरण. निर्गमालाच पुन्हा बळ देऊन तो वाढवीत नेणारे ते धन प्रत्याभरण. येथे ‘ऋण’ शब्दाचा अर्थ निंदा असा नाही आणि ‘धन’ शब्दाचा अर्थ स्तुती असा नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

विद्युत् गिटारच्या वादकास धन प्रत्याभरण प्रत्यक्ष ऐकू येते. ध्वनिक्षेपकातून निघालेला मोठा आवाज गिटारच्या तारेस पुन्हा कंपित करतो, ते कंपन पुन्हा वर्धित होते, आणि तार छेडली नसतानाही स्वर वाढत जाऊन हुंकारू लागतो. काही वादकांनी त्याचा कलात्मक उपयोग केला आहे. परंतु शिकणाऱ्यास हवे असते ते दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे अंतर दाखविणारे प्रत्याभरण.

३. प्रयोगांचा निष्कर्ष

केवळ पुनरावृत्ती निष्फळ ठरते, हे मानसशास्त्रात बऱ्याच आधी दिसून आले होते. एडवर्ड थॉर्नडाइक याने १९३० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रयुक्तांस डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेघा पुन:पुन्हा काढण्यास सांगितले. रेघ लांब झाली की आखूड, हे न सांगता शेकडो आवृत्त्या करवून घेतल्या, तरी त्यांत सुधारणा झाली नाही. रेघ काढणाऱ्याचा हात थकला, शिकला नाही.

तथापि प्रत्याभरण जितके अधिक तितके चांगले, असाही निष्कर्ष काढता येत नाही. सॅल्मनी, श्मिट व वॉल्टर यांनी १९८४ साली पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेऊन असे दाखविले की, प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून निकाल सांगत राहिल्यास शिकताना कामगिरी चांगली दिसते. पण सांगणारा दूर होताच ती ढासळू शकते. शिकणारा स्वत:च्या कानावर विसंबण्याऐवजी दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू लागतो. क्लूगर व डिनिसी यांच्या १९९६ च्या व्यापक आढाव्यात तर एक तृतीयांशाहून अधिक उदाहरणांत प्रत्याभरणाने कामगिरी खालावल्याचे आढळले. लक्ष कामावरून उडून ‘आपली किंमत काय’ याकडे वळले की असे घडण्याचा संभव वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

सरावाच्या तासांविषयीही एक गैरसमज दृढ झाला आहे. एरिक्सन, क्रांपे व टेश-रोमर यांनी १९९३ साली बर्लिन येथील संगीत-अकादमीच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकाकी सराव सरासरीने सुमारे ७,४१० तास, त्याखालील गटाचा ५,३०१ तास आणि संगीतशिक्षक होऊ घातलेल्यांचा ३,४२० तास भरला. यावरून ‘दहा हजार तास’ हा जणू नियमच आहे, असा प्रचार झाला. मूळ लेखाचा भर मात्र तासांवर जितका आहे तितकाच सरावाच्या प्रकारावर आहे: निश्चित दोष हेरून, तो दूर करण्यासाठी योजलेला, श्रमाचा आणि निकाल कळत राहणारा सराव. शिवाय २०१४ साली मॅकनमारा व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या आढाव्यात, संगीताच्या क्षेत्रातील कौशल्यभेदांपैकी सुमारे २१ टक्के भेदाचाच उलगडा अशा सरावाने होतो, असे दिसले. सराव अपरिहार्य आहे. परंतु तो सर्वस्व नाही.

४. तुळजापूरची परंपरा : दुरुस्तीची रचना

बालाघाटच्या रांगेतील यमुनाचल या डोंगरावर वसलेले तुळजापूर हे भवानीचे क्षेत्र महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत आहे. देवीच्या उपासकांपैकी गोंधळी हे विधिनाट्याचे परंपरागत अधिकारी होत. त्यांच्यात कदमराई व रेणुराई असे दोन वर्ग सांगितले जातात. पहिल्याचा संबंध तुळजापूरच्या भवानीशी, तर दुसऱ्याचा माहूरच्या रेणुकेशी जोडला जातो. विवाहादी मंगलकार्यानंतर कुलाचार म्हणून घातला जाणारा गोंधळ रात्रभर चालतो. धान्याचा चौक मांडून घटस्थापना होते, दिवटी पाजळली जाते, देवदेवतांना आवाहन केले जाते आणि पुढे आख्यान रंगते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात ‘गौंडली’ नृत्याचा उल्लेख आहे, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या व तत्सम उल्लेखांच्या प्रकाशात गोंधळाचा विचार केला आहे.

गोंधळातील वाद्ये मोजकी आहेत. संबळ हे कमरेस बांधावयाचे जोडवाद्य होय. त्याच्या दोन भांड्यांपैकी एकाचा नाद खर्जाचा व दुसऱ्याचा उंच असतो. दोन्ही काड्यांनी वाजवितात व त्यांपैकी एका काडीचे टोक वाकडे असते. तुणतुणे हे एकतारी वाद्य आहे. लाकडी नळकांड्याच्या तळाशी चामडे, बाजूस बांबूची काठी, चामड्याच्या मध्यातून निघून वरच्या खुंटीस ताणलेली एकच तार, एवढाच त्याचा संभार. याखेरीज झांज असते. नायक कथा सांगतो व गातो. साथीदार ध्रुपद उचलतात आणि प्रसंगी प्रश्न विचारून कथा पुढे नेतात.

वादनशिक्षणाच्या दृष्टीने पाहता या मोजक्या संचातच एक क्रमबद्ध अभ्यासक्रम दडलेला दिसतो. विद्या घरातच चालत असल्याने मूल वाद्य हाती घेण्यापूर्वी वर्षानुवर्षे ते ऐकत असते. हात तयार होण्याआधी कान तयार होतो. दिवटी धरणाऱ्यास वाजवावयाचे नसते, पण सबंध रात्र ऐकावयाचे असते. झांजेत स्वराची जबाबदारी नाही, केवळ काळाची आहे. तुणतुण्यात तार एकदा नायकाच्या स्वरास मिळवली की उरते ती लयच. म्हणजे एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावयाचे, ही आधुनिक अध्यापनशास्त्राची शिकवण येथे वाद्यांच्या घडणीनेच साधली जाते. संबळाकडे येईपर्यंत लय ही शिकावयाची गोष्ट राहिलेली नसते. ती गृहीत असते.

याहून महत्त्वाची गोष्ट दुरुस्तीच्या रीतीची आहे. विधी चालू असताना तो थांबवून ‘येथे चुकले’ असे सांगता येत नाही. चूक झाली की ती वाजतच राहते, आणि ती सर्वांस ऐकू येते. संबळ पुढे धावला तर नायकाचा शब्द कोंडला जातो. मागे रेंगाळला तर ध्रुपद उचलणारे अडखळतात. येथे दुरुस्ती ही शेरा म्हणून येत नाही, परिणाम म्हणून येते. बरोबर लय झांजेने पुन्हा ठसविली जाते आणि चुकणाऱ्यास तिच्यात परतावे लागते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे बालकाच्या भाषासंपादनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ब्राउन व हॅनलन यांनी १९७० साली दाखविले की, आईबाप मुलाच्या वाक्याचे व्याकरण क्वचितच सुधारतात. ते सुधारतात आशयाची सत्यता. मूल बोलते, त्याचे बोलणे कळते किंवा कळत नाही, आणि मोठी माणसे तेच वाक्य शुद्ध रूपात पुन्हा उच्चारतात. या पुनरुच्चारास मर्यादाही आहे. लिस्टर व रांटा यांनी १९९७ साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचे जे विश्लेषण केले, त्यात शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक दुरुस्त्या अशा पुनरुच्चाराच्या होत्या. परंतु विद्यार्थ्याने स्वत: चूक सुधारावी, हा परिणाम त्यांतून सर्वांत कमी साधला. उलट, चूक दाखवून उत्तर न देणाऱ्या दुरुस्तीने विद्यार्थी स्वत: रूप शोधू लागला. गोंधळाच्या संचात हे दोन्ही प्रकार एकत्र येतात. झांज बरोबर लयीचा पुनरुच्चार करते, आणि अडखळलेले ध्रुपद उत्तर न देता चूक दाखविते.

५. बोल : उच्चारित निकष

भारतीय तालवाद्यांच्या शिक्षणात प्रत्याभरणाचे आणखी एक साधन आहे व त्याचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. ते साधन म्हणजे बोल. भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांसाठी सोळा अक्षरे सांगितली आहेत. तेव्हापासून आघातास अक्षर देण्याची पद्धती अव्याहत आहे. तबल्याचा विद्यार्थी सोळा मात्रांचा त्रिताल हातावर टाळी-खाली देत प्रथम तोंडाने म्हणतो आणि मग वाजवितो.

या अक्षरांची निवड यादृच्छिक नाही. डग्ग्याचा घुमणारा नाद ‘ग’, ‘घ’ या घोष वर्णांनी दर्शविला जातो, बंद आघात ‘क’ या अघोष वर्णाने. ‘ता’ केवळ उजव्या हाताचा, तर त्यास डग्ग्याची जोड मिळताच तो ‘धा’ होतो. घोषत्वाचा भेद हा नादाच्या भेदाशी जुळविलेला आहे. पटेल व आयव्हर्सन यांनी २००३ साली केलेल्या ध्वनिविश्लेषणातही बोलांचे उच्चार व तबल्याचे आघात यांत असे साम्य आढळले.

याचा शैक्षणिक अर्थ असा की, बोल मुखोद्गत झालेल्या विद्यार्थ्यापाशी गुरूच्या अनुपस्थितीतही एक निकष असतो. मनात ‘धा’ आहे आणि हातून ‘ता’ उमटला, तर कान तो फरक तत्काळ टिपतो. थॉर्नडाइकच्या प्रयुक्तास जे मिळत नव्हते, ते बोल म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्याच जिभेकडून मिळते. बाहेरचे प्रत्याभरण आत आणून ठेवण्याची ही युक्ती आहे. वेदपाठाच्या जटा व घन या विकृतींतही पदांचे क्रम उलटसुलट करून अशीच अंतर्गत पडताळणी साधलेली आहे.

६. विद्युत् गिटार : साधनाची वैशिष्ट्ये व सरावाची रीत

आता विद्युत् गिटारकडे वळू. रिकनबॅकर कंपनीची १९३२ साली बाजारात आलेली विद्युत् गिटार ही मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची, म्हणजे आपल्याकडे ‘हवाइयन गिटार’ म्हणून परिचित असलेल्या जातीची होती. पोलादी तारेच्या खाली चुंबक व त्याभोवती तारेचे वेटोळे असते. तार कंप पावताच वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व तो वर्धकाकडे जातो. या रचनेचा परिणाम शिकणाऱ्यास प्रथमच जाणवतो. वर्धक हा निवड करीत नाही. हेतुपूर्वक छेडलेल्या तारेबरोबर नकळत हललेली शेजारची तार, पडद्यावरून बोट सरकताना होणारी खरखर, हे सर्वच तो मोठे करतो. म्हणून या वाद्यावर तार वाजविण्याइतकेच, न वाजणारी तार मुकी ठेवणे हे कौशल्याचे अंग आहे.

दुसरीकडे हेच यंत्र दोष लपवूही शकते. ध्वनी मुद्दाम विकृत करण्याच्या योजनेत हलका व जोराचा आघात यांतील अंतर पुसट होते. अशा आवाजात केलेला सराव आघाताच्या असमानतेविषयी वादकास काहीच सांगत नाही. सरावासाठी स्वच्छ आवाज ठेवावा, या अनुभवी वादकांच्या सल्ल्याचे कारण रुचीचे नसून प्रत्याभरणाचे आहे.

तुळजापूरच्या परंपरेतून व प्रयोगांतून निघणारी तत्त्वे या वाद्यास पुढीलप्रमाणे लावता येतील.

(अ) निकष आधी, कृती नंतर. तार बोटाने बाजूस ओढून स्वर चढविणे ही गिटारवरील सतारीच्या मिंडेसारखी क्रिया आहे. पाचव्या पडद्यावरून तार ओढून एक पूर्ण स्वर वर जावयाचे असेल, तर आधी त्याच तारेवर सातव्या पडद्याचा स्वर वाजवावा, तो गुणगुणावा आणि मग पाचव्यावरून ओढून त्यास गाठावे. लक्ष्य-स्वर कानात नसेल तर ओढ कोठे थांबवावी हे बोटास कळण्याचा मार्गच नाही. गुणगुणणे हे येथे बोलाचे कार्य करते.

(आ) एका वेळी एकच दोष. झांजेप्रमाणे प्रथम केवळ लय पाहावी: एकच तार, एकच स्वर, पट्टीचे आघात खाली-वर आळीपाळीने. लय स्थिरावली की डाव्या हाताची बोटे आणावीत, आणि ती पडद्याच्या लगत व आवश्यक तेवढ्याच दाबाने ठेवावीत. तिन्ही गोष्टी एकदम सुधारू पाहिल्यास कोणत्या बदलाने काय झाले, हे ओळखता येत नाही.

(इ) संथ सराव, पण केवळ संथ नव्हे. जे संथ लयीत स्वच्छ येत नाही ते द्रुत लयीत येणे शक्य नाही. परंतु संथ लयीत चालून जाणारी बोटांची मोठी हालचाल द्रुत लयीत अशक्य ठरते. म्हणून लयमापकावर संथ आवृत्ती अनेकदा निर्दोष आल्यावर छोटासा तुकडा मूळ लयीत वाजवून हालचालीची परीक्षा घ्यावी व पुन्हा संथ लयीकडे यावे.

(ई) ध्वनिमुद्रण, थोड्या विलंबाने. वाजविताना लक्ष विभागलेले असते. म्हणून आपलेच वादन मुद्रित करून नंतर ऐकणे उपयुक्त ठरते. ते ऐकण्यापूर्वी आपले काय चुकले असावे याचा अंदाज वादकाने स्वत: करावा आणि मग मुद्रणाशी ताडून पाहावा. असे केल्याने सुधारणा वादनात होतेच, पण त्याहून अधिक ती कानाच्या न्यायबुद्धीत होते.

हा विलंब वादनाच्या क्षणी मात्र घातक असतो. बर्नार्ड ली याने १९५० साली दाखविले की, वक्त्याचा स्वत:चा आवाज सुमारे एक पंचमांश सेकंद उशिरा त्याच्या कानी घातला, तर तो तोतरा बोलू लागतो. वादकाचेही असेच होते. फिनी याच्या १९९७ च्या प्रयोगात अभ्यस्त पियानोवादक आवाज मुळीच ऐकू येत नसतानाही बहुतांशी बरोबर वाजवू शकले. उशिरा ऐकू येणाऱ्या आवाजाने मात्र ते चुकू लागले. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. तेव्हा ध्वनिक्षेपक साडेतीन मीटर दूर असला तरी सेकंदाच्या एक शतांशाचा विलंब होतोच. संगणकामार्फत आवाज नेल्यास त्यात आणखी भर पडते. मौनाहून चुकीच्या वेळी आलेली वार्ता अधिक बाधक असते, हे गुरूच्या शेऱ्यांविषयीही खरे आहे.

(उ) एकाकी सरावास समूहाची जोड. चित्रफीत आदर्श दाखविते, पण शिकणाऱ्याचे ऐकत नाही. आपले वादन ऐकून त्याच्यामुळे अडखळणारा किंवा सुखावणारा दुसरा वादक हे प्रत्याभरणाचे असे साधन आहे की ज्यास पर्याय नाही. शिक्षक नसेल तेथे निदान दोघांनी एकत्र वाजवावे: एकाने लय धरावी, दुसऱ्याने स्वर.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसेल की, वादनशिक्षणात तीन घटकांचा मेळ लागतो: ऐकलेला आदर्श, केलेली कृती आणि त्या दोहोंतील अंतर दाखविणारी वार्ता. पहिला घटक आज पूर्वी कधी नव्हता इतका सुलभ झाला आहे. दुसरा व्यक्तीच्या श्रमावर अवलंबून आहे. तिसरा मात्र समाजाच्या रचनेत असतो, आणि तोच आज सर्वांत नाजूक झाला आहे.

लोकपरंपरांच्या अभ्यासकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. गोंधळाचे प्रयोग मुद्रित करून ठेवले की परंपरा जतन झाली, असे मानण्याकडे कल असतो. मुद्रणाने आख्यान राहते, चाल राहते, संबळाचा नादही राहतो. परंतु घरात ऐकत वाढणे, दिवटीपासून संबळापर्यंतची वाटचाल, अडखळलेल्या ध्रुपदाने मिळालेली समज, यांपैकी काहीही तयार प्रयोगाच्या मुद्रणात उतरत नाही. एखाद्या भाषेचा उत्तम शब्दकोश हाती असून ती भाषा बोलणारे घर मात्र उरले नाही, तर जी अवस्था होईल, तीच येथे संभवते. म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी प्रयोगाबरोबर तालीमही नोंदवावी: कोणती चूक झाली, ती कोणाच्या ध्यानी आली, किती वेळाने व कोणत्या खुणेने ती सुधारली गेली, आणि पुढच्या वेळी काय झाले. अशी नोंद तुळजापूरच्या संबळवादकाच्या उपयोगी पडेल. आणि त्याच गावात बंद खोलीत एकट्याने विद्युत् गिटार वाजवीत बसलेल्या तरुणासही, आपल्या सरावात नेमके काय उणे आहे, ते तीवरून कळू शकेल.